चारशे सतरा

आमच्या कारखान्यात समुद्र आहे.
अडीचशे लिटरचा, स्टीलचा, झाकणासकट.
अंबडच्या एमआयडीसीत, पत्र्याच्या तिसऱ्या शेडमध्ये,
गंगापूर धरणाचं पाणी आणि गोणीतलं मीठ.
मी बटण दाबते, तळाशी पंखा फिरतो
आणि वैशाख येतो : तीस अंश.
डबा खाऊन येईस्तोवर श्रावण, सत्तावीस.
चहानंतर पौष.
एका पाळीत मी अरबी समुद्राचं वर्ष उरकते.

टाकीत बारा सेन्सर टांगलेले असतात.
ते काय सांगतात आणि खरं काय आहे
यांतला फरक मी वहीत लिहिते.
खैरनार साहेब म्हणतात, दातीर,
तिसऱ्या दशांशाला हयगय नको.
अर्ध्या अंशासाठी तिकडे कुणीतरी घर सोडतं.
कुणी, ते त्यांनाही नीट माहीत नाही.
समुद्र त्यांनी एकदाच पाहिलाय, दिवेआगरला, लग्नात.

जिथे टाकी आहे तिथेच,
किंवा दहा पावलं इकडेतिकडे,
आमची विहीर होती.
आप्पा म्हणायचे, विहिरीला माया असते,
थंडीत कोमट देते, उन्हाळ्यात गार.
इथे लागल्यावर पहिल्याच वर्षी कळलं,
पाणी बारा महिने तेच होतं.
बदलत होता तो आप्पांचा हात.
त्यांना हे सांगितलं नाही.

मागच्या आठवड्यात चारशे सतरा नंबर परत आला.
चौदा महिने रत्नागिरीसमोर, बोयाला बांधलेला.
खोकं उघडलं आणि शेडभर वास.
ड्रिलवरचा पोरगा नाक धरून बाहेर गेला.
नळीवर पांढरे टणक उंचवटे,
हरभऱ्याएवढे, टोकाला भोक.
एक उचकटून डब्याच्या झाकणात घेतला,
भद्रकालीत ठकूबाईला दाखवला.
"खडकाला असतं ते. जिवंत होतं की गं. कुठून आणलंस?"
म्हटलं, आमचा एक जण कामाला गेला होता समुद्रात,
त्याच्या अंगावर आलं.
ती हसली. बर्फावरचा बांगडा पालथा केला.
"तारली यंदा लवकर खोल गेली म्हणतो गाडीवाला.
वरचं पाणी ऊन झालं की वर येईना."
गाडीवाल्याला कोण सांगतं?
"जाळंवाला."
आणि त्याला?
"तो हात घालून बघतो म्हणे."

हात.

चारशे सतराच्या पोटातले आकडे काढले.
मागचा मार्गशीर्ष, हा मार्गशीर्ष,
मध्ये पूर्णांक सहाचा फरक.
साहेब म्हणाले, आधी आपलं माप तपासा,
मग समुद्रावर आळ घ्या.
म्हणून रात्रपाळी.
काचेच्या नळीत बर्फ, पाणी, वाफ
तिन्ही एकाच वेळी उभी राहतात
ती जागा : शून्य पूर्णांक शून्य एक.
तिथे कुणाला खोटं बोलता येत नाही.
त्याला तिथे उभा केला, मग टाकीत सोडला,
वैशाख, श्रावण, पौष, पुन्हा वैशाख.
पहाटे तीनला हिशेब लागला.
चौदा महिन्यांत तो चुकला होता
फक्त चार हजारांश.
बाकीचा फरक समुद्राचा.

बाहेर सहा अंश.
निफाडकडे बागांत शेकोट्या पेटल्या असतील,
वेलीच्या खांबाला लावलेल्या थर्मामीटरवर
कुणी बॅटरी मारून बघत असेल.
मी ब्रशने नळीवरचं मीठ काढलं. ते मोरीत गेलं,
मोरीतून नाल्यात, नाल्यातून नासर्डीत,
पुढे गोदावरीत. आणि ती तर
जवळच्या समुद्राकडे पाठ करून निघालेली.
रत्नागिरीचं चिमूटभर मीठ कधीतरी
पूर्वेच्या समुद्राला लागेल.
त्याला वहीत रकाना नाही.

पाळी संपताना झाकण उघडून
टाकीत हात घातला. नियमात बसत नाही.
पडद्यावर सत्तावीस पूर्णांक शून्य शून्य एक,
माझा श्रावण.
हाताला कढत लागलं.